उतरवलेल्या पिकअपचा ड्राइव्हशाफ्ट : आधी कोन मोजा, मग पैसे काढा

पिकअप मागून सहा इंच खाली आला, चाकं कमानीत हवी तशी बसली, आणि मग पंचावन्न-साठ मैलांच्या वेगाला सीटखालून गुणगुण सुरू झाली. अमेरिकेत जुने पिकअप उतरवून चालवणाऱ्या बहुतेकांना ही गुणगुण कधी ना कधी भेटते, आणि बरेच जण पहिले पैसे चुकीच्या जागी घालतात. आधी चाकं बॅलन्स होतात. मग शाफ्ट बॅलन्स होतो. मग दोन्ही यू-जॉइंट नवे बसतात, आणि शेवटी नवा शाफ्टच येतो. हजार डॉलर संपतात आणि गुणगुण जागच्या जागी राहते, कारण यातल्या एकाही कामाने शाफ्टचा कोन बदललेला नसतो.

जुनी शेव्हरोले नाहीतर फोर्ड घेऊन सुट्टीच्या दिवशी गॅरेजात रमणारी मराठी माणसं तिकडे आहेत. हा हिशेब त्यांच्यासाठी आहे. भाव डॉलरमध्ये आणि अंदाजे दिले आहेत. मोठ्या शहरात ते वरच्या टोकाला जातील, लहान गावात खालच्या. गॅरेजची मजुरी तासाला १०० ते १८० डॉलर धरली आहे.

उदाहरणासाठी १९८८ ते १९९८ या काळातला शेव्हरोले सी-१५०० घेऊ. उतरवण्यासाठी हा आवडता पिकअप, कारण सुटे भाग भरपूर मिळतात आणि मागे साधे पाटे आहेत. कंपनीने अ‍ॅक्सल पाट्यांच्या खाली बांधलेला असतो. फ्लिप किट लावलं की तोच अ‍ॅक्सल पाट्यांच्या वर जातो आणि गाडी एकदम पाच-सहा इंच खाली येते. चेसिसला अ‍ॅक्सल आदळू नये म्हणून तिथे अर्धगोल खाच कापून मजबुतीची पट्टी जोडावी लागते, तिला सी-नॉच म्हणतात. फ्लिप किट १५० ते ३०० डॉलर आणि नॉच किट ८० ते १५० डॉलर. हा खर्च सगळे आधीच धरतात. कोनांसाठी मात्र कुणी काही बाजूला ठेवत नाही.

यू-जॉइंट कोनात फिरू लागला की अलीकडून एकसारखी आलेली गती पलीकडे एकसारखी पोचत नाही. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात पलीकडची बाजू दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. डिप्लोमाला हूक्स जॉइंट शिकलेल्यांना याचं सूत्र आठवेल. ३ अंशांच्या कोनात हा चढउतार दोन्ही बाजूंना सुमारे ०.१४ टक्के असतो, ५ अंशांत ०.३८ टक्के, १० अंशांत दीड टक्का. कोन दुप्पट झाला की चढउतार जवळजवळ चौपट होतो. म्हणून शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरा जॉइंट तेवढ्याच कोनात ठेवतात, म्हणजे पहिल्याने बिघडवलेली गती दुसरा सरळ करून देतो. दोन्ही कोन सारखे नसतील तर उरलेला फरक मागच्या अ‍ॅक्सलला धक्के देत राहतो.

हे धक्के किती, तेही पाहा. २३५/७५ आर १५ टायर आणि ३.७३ चा मागचा रेशो असेल तर ६५ मैलांच्या वेगाला शाफ्ट मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेतो. फेऱ्याला दोन म्हणजे मिनिटाला ५,६०० धक्के. टायरचं असंतुलन स्टिअरिंगला किंवा सीटला संथ हेलकावा देतं. कोनाची कुरकुर बारीक आणि झिणझिणीत असते, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला किंवा सोडला की तिचा सूर बदलतो. शाफ्टच्या असंतुलनाची थरथर मात्र वेगाबरोबर वाढते, पायाच्या दाबाची तिला फारशी पर्वा नसते. सिग्नलवरून निघताना वीस मैलांच्या वेगापर्यंत गाडी थरथरत असेल तर संशय सरळ कोनावर घ्यावा. ही चाचणी फुकट आहे, आणि गॅरेजात पाऊल ठेवण्याआधी ती करावीच.

कोनांच्या मान्य मर्यादा तीन आहेत. क्लॅरेन्स स्पायसरने १९०४ मध्ये यू-जॉइंटचा कारखाना काढला, त्याच्या नावाने आजही जॉइंट विकणाऱ्या डाना कंपनीच्या मार्गदर्शनात त्या सापडतात. जॉइंटचा कामाचा कोन ३ अंशांपेक्षा जास्त नसावा. तो निदान अर्धा अंश तरी असावा, कारण अगदी सरळ रेषेत जॉइंटमधल्या बेअरिंगच्या सुया फिरत नाहीत, एकाच जागी मार खातात आणि तिथे खळगे पाडतात. आणि दोन्ही टोकांच्या कोनांत १ अंशापेक्षा जास्त फरक नसावा. उतरवलेल्या गाडीत ३ ची मर्यादा जरा ओलांडली तर शहरात चालवून घेता येतं. तिसरी अट सोडून चालत नाही.

आता मोजणं. चुंबक असलेला डिजिटल कोनमापक २५ ते ५० डॉलरला मिळतो. फोनमधलं अ‍ॅप फुकट असतं, पण फोनची कड गोल असते आणि कव्हर मऊ, त्यामुळे अर्ध्या अंशाची चूक सहज होते. आपल्याला तर अर्ध्या अंशाचाच हिशेब करायचा आहे. मापक विकत घ्या. गाडी सपाट फरशीवर, स्वतःच्या चाकांवर, पेट्रोलची टाकी नेहमीइतकी भरलेली अशी उभी करा. चाकं लोंबकळत ठेवणाऱ्या लिफ्टवर घेतलेलं माप निरुपयोगी असतं, कारण पाटे सुटले की पिनियनचा, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमध्ये शाफ्टला जोडलेल्या गिअरचा, कोन आणि शाफ्टचा उतार दोन्ही बदलतात. एखादा मेकॅनिक गाडी तशी टांगून कोन सांगू लागला तर त्याला थांबवा. चाकांखाली फळ्या असलेली, गाडी वर चढवून उभी करायची लिफ्ट असेल तर तिच्यावरचं माप चालतं.

मापं तीन घ्यायची: गिअरबॉक्सचा उतार, शाफ्टचा उतार आणि पिनियनचा उतार. शाफ्टच्या नळीवर मापक सरळ चिकटतो. गिअरबॉक्ससाठी त्याची घासलेली सपाट कड किंवा इंजिनच्या पुढच्या पुलीचं तोंड धरतात, पिनियनसाठी यू-जॉइंटची टोपी बसते तो योकचा सपाट भाग. प्रत्येक मापापुढे मागच्या दिशेला उतार आहे की चढ, हेही लिहा. आकडा बरोबर आणि दिशा उलटी, अशा चुका सर्वांत जास्त होतात. शेजारच्या दोन मापांचा कल एकाच दिशेला असेल तर वजाबाकी, उलट असेल तर बेरीज. येईल तो त्या जॉइंटचा कामाचा कोन.

एक उदाहरण करून पाहू. फ्लिप केलेल्या सी-१५०० मध्ये गिअरबॉक्स मागे ४ अंश उतरतो. अ‍ॅक्सल वर आल्यामुळे शाफ्ट मागे १ अंश चढतो. पिनियनची रेषा मागे १ अंश उतरते, म्हणजे पिनियनचं तोंड १ अंश वर आहे. पुढचा जॉइंट ४ अधिक १, म्हणजे ५ अंश. मागचा १ अधिक १, म्हणजे २ अंश. फरक ३ अंशांचा, आणि पुढचा जॉइंट मर्यादेबाहेर.

त्यात पाट्यांचा स्वभावही धरायचा. जोर दिला की अ‍ॅक्सल उलट वळायला बघतो, पाटे किंचित पिळतात आणि पिनियनचं तोंड वर उचललं जातं. साधारण दीड ते दोन अंश. म्हणून पाट्यांच्या गाडीत उभ्या स्थितीत मागचा कोन तेवढा कमी ठेवतात, म्हणजे हायवेवर जोर असताना तो पुढच्याइतका होतो.

बहुतेक गॅरेजं इथे पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये बसणारी, पिनियनचा कोन फिरवणारी पाचर विकतील. पण वरच्या उदाहरणात पाचर लावून पुढचा ५ अंशांचा जॉइंट सुधारणार नाही. गिअरबॉक्सच्या शेपटीखाली, माउंट आणि क्रॉसमेंबरच्या मध्ये, साधारण पाऊण इंचाची लोखंडी पट्टी घातली तर गिअरबॉक्सचा उतार ४ वरून पावणेतीनच्या आसपास येतो. त्याच वेळी शाफ्टचं पुढचं टोक उचललं जाऊन, साडेचार फुटांचा शाफ्ट असेल तर, तो जवळजवळ सपाट होतो. पुढचा कोन पावणेतीन. मागचा उभ्या स्थितीत १, जोर आल्यावर अडीच ते तीन. दोन्ही जॉइंट मर्यादेत आणि एकमेकांच्या जवळ. पट्टी १० ते २० डॉलरची, वर तासाभराची मजुरी आणि जरा लांब बोल्ट. मोजणीचा तास धरून सगळं मिळून २२५ ते ४०० डॉलर. पट्टी घालण्याआधी गिअरबॉक्सच्या माथ्यावर आणि केबिनच्या तळात जागा आहे का, हे मात्र पाहावं लागतं. घासू लागलं तर आवाजाचं मूळ नव्याने शोधावं लागेल.

पाचर खरोखर लागते तेव्हा ती लोखंडी घ्या. अ‍ॅल्युमिनियमची पाचर दाबाखाली चिरडते किंवा तडकते, आणि तिच्याबरोबर अ‍ॅक्सलची पकड ढिली होते. २ किंवा ४ अंशांची जोडी १५ ते ४० डॉलर. पाट्यांच्या मधला पिन-बोल्ट पाचरेच्या जाडीइतका लांब लागतो, आणि यू-बोल्ट नवेच लावायचे. एकदा ताणले गेलेले यू-बोल्ट पुन्हा तसेच धरत नाहीत. यू-बोल्टचा संच ३० ते ६० डॉलर. दोन ते अडीच तासांची मजुरी धरून काम २५० ते ५५० डॉलरमध्ये व्हायला हवं. काही शे मैल चालल्यावर नट पुन्हा कसून घेणं त्यातच धरलेलं असावं. तसं आधी विचारून घ्या.

पाचरेची जाड बाजू कुठे यावी, हे तर चांगले मेकॅनिकही फ्लिप केलेल्या गाडीत चुकतात. कंपनीच्या बांधणीत पाटे अ‍ॅक्सलच्या वर असतात. तिथे पिनियनचं तोंड वर करायचं तर जाड बाजू मागे. फ्लिपनंतर पाटे अ‍ॅक्सलच्या खाली येतात, आणि तोंड वर करायला जाड बाजू पुढे लागते. म्हणजे सगळं उलटं. पाकिटावरची सूचना बहुधा कंपनीच्या बांधणीसाठी लिहिलेली असते. २ अंशांची पाचर उलटी बसली तर २ अंश सुधारण्याऐवजी २ अंश बिघडतात, म्हणजे एकूण ४ अंशांची तफावत. काम झाल्यावर पुन्हा मोजायला लावा. मोजल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

कोन ४ अंशांहून जास्त फिरवायचा असेल तर जाड पाचर लावू नये. अ‍ॅक्सलवरची पाट्यांची बैठक कापून नव्या कोनात वेल्ड करणं हाच सरळ मार्ग. बैठकांची जोडी २० ते ४० डॉलर, काम ३०० ते ६०० डॉलर. यात वेल्डरचं कसब पाहावं लागतं. अ‍ॅक्सलची नळी जास्त तापून वाकली तर आतल्या बेअरिंगचा आणि तेलाच्या सीलचा प्रश्न सुरू होतो. नळी थंड होऊ देत, तुकड्यातुकड्याने वेल्ड करणाराच माणूस निवडा, त्याने पन्नास-शंभर जास्त मागितले तरी.

१९६७ ते १९७२ च्या शेव्हरोले सी-१० चं गणित जरा वेगळं. त्यातल्या बहुतेकांना मागे पाटे नाहीत. कॉइल स्प्रिंग आणि दोन लांब हात आहेत, आणि अ‍ॅक्सल त्या हातांना घट्ट बांधलेला असतो. गाडी खाली आली की हात पुढच्या टोकाभोवती फिरतात आणि पिनियनचं तोंड खाली झुकतं. जितकी गाडी खाली, तितकं जास्त. इथे पाचर हात आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये बसते. पाट्यांसारखी पिळवणूक होत नाही, म्हणून उभ्या स्थितीतली सूट एखाद्या अंशाची पुरते. सस्पेन्शनला एअरबॅग आणि फोर-लिंक लावलेल्या गाडीत दांड्यांची लांबी फिरवून कोन बदलता येतो. सुटे भाग लागत नाहीत, फक्त तास-दोन तासांची मजुरी. पण कोन गाडी ज्या उंचीवर चालवता त्या उंचीवर लावायचा. हवा सोडून जमिनीला टेकवलेल्या गाडीत तो कितीही बिघडलेला असला तरी तिथे शाफ्ट फिरतच नाही.

लांब बेडच्या किंवा मोठ्या केबिनच्या पिकअपमध्ये शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मध्ये सेंटर बेअरिंग. तिथे जॉइंट तीन, म्हणून मापं चार. सेंटर बेअरिंग ब्रॅकेटखाली पट्ट्या घालून वर-खाली करतात. बेअरिंगचं रबर जुनं झालं असेल तर आधी ते बदला, नाहीतर मोजलेले कोन पहिल्याच चढावर हलतील. बेअरिंग ४० ते १२० डॉलर, बसवायला एक ते दीड तास. दोन तुकडे वेगळे करण्याआधी खडूने किंवा पंचने खूण करायला सांगा. एक दातही पुढे-मागे बसला तर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत, आणि मग बरोबर कोनातही गाडी थरथरते.

आणखी एक माप राहतं: गिअरबॉक्समध्ये आत-बाहेर सरकणारा स्लिप योक. अ‍ॅक्सल वर गेला की शाफ्ट पुढे ढकलला जाऊ शकतो. योक पूर्ण आत टेकायला निदान पाऊण ते एक इंच मोकळी जागा उरायला हवी. ती नसेल तर मोठ्या खड्ड्यात शाफ्ट गिअरबॉक्सच्या शेपटीवर हातोड्यासारखा आपटतो. शाफ्ट कापून आखूड करणं आणि बॅलन्स करणं १५० ते ३०० डॉलर. नवा लोखंडी शाफ्ट ३५० ते ६००, अ‍ॅल्युमिनियमचा ६०० ते १,००० डॉलर. शाफ्ट स्वतः काढून नेला तर नुसती तपासणी आणि बॅलन्सिंग १०० ते २०० डॉलरमध्ये होते. चांगले यू-जॉइंट २० ते ५० डॉलरला एक. ही कामं शाफ्टच्याच दुकानात करावीत, सगळी कामं घेणाऱ्या गॅरेजात नाही. व्हील अलाइनमेंटवाल्याकडून पिनियनच्या कोनाची अपेक्षा करू नका. १००-१८० डॉलरच्या अलाइनमेंटमध्ये चाकांचे कोन मोजतात, शाफ्टचे नाही.

चुकीच्या कोनात चालवत राहिलात तर आधी यू-जॉइंटच्या सुया जातात, मग गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाचं बुश आणि सील, मग पिनियनचं बेअरिंग. सील-बुशचं काम १५० ते ३०० डॉलरचं. मागचं डिफरेन्शियल उघडून बांधायचं तर ८०० ते १,५०० डॉलर, क्राऊन-पिनियनही गेले तर त्याहून जास्त. सगळ्यात वाईट म्हणजे पुढचा जॉइंट वेगात तुटणं. सुटलेलं टोक रस्त्यात रुतलं तर गाडी मागून उचलली जाते. ५०-१०० डॉलरचा सेफ्टी लूप शाफ्टच्या पुढच्या टोकाभोवती लावून घ्यावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. उतरवलेल्या गाडीत तो कुठे घासतो का, ते तेवढं पाहायचं.

कायदा राज्यागणिक वेगळा आहे. कॅलिफोर्नियात बदल केलेल्या प्रवासी गाडीचा किंवा सहा हजार पौंडांखालच्या व्यापारी गाडीचा चाकाव्यतिरिक्त कोणताही भाग रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये. नॉच कापण्याआधी आपल्या राज्याचा नियम वाचा. महाराष्ट्रात तर हा उद्योग करूच नका. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ रचनेविरुद्धचे बदल नाकारतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निकाल दिला. कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण बसलेले पाटे बदलल्यावर आपल्याकडचा पिकअप वारंवार क्रॉस (यू-जॉइंट) खाऊ लागला, तर प्रोपेलर शाफ्टचे हेच तीन कोन मोजायला सांगा. पाटे मूळ कमानीचे नसले तर तिथेही पिनियनचं तोंड हललेलं असतं.

आधीच उतरवलेला पिकअप विकत घेत असाल तर मापक खिशात घेऊन जा. मालकाची परवानगी घेऊन गाडीखाली वाका आणि तीन मापं घ्या. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. मग शाफ्ट हाताने वर-खाली आणि गोल हलवून जॉइंटची ढिलाई पाहा, यू-जॉइंटच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसते का पाहा, गिअरबॉक्सच्या शेपटीला तेल ओघळलंय का तेही. पाट्यांची सूट धरूनही कोनांचा फरक १ ते ३ अंश उरत असेल आणि बाकी सगळं घट्ट असेल तर किमतीत चारशे-पाचशे डॉलरची घासाघीस करा, गाडी घ्यायला हरकत नाही. फरक त्याहून जास्त असेल, बैठका वेल्ड केलेल्या असतील आणि वेल्ड ओबडधोबड दिसत असेल, तर अ‍ॅक्सल बदलण्याची तयारी ठेवून किंमत बोला. विकणारा म्हणेल की सगळ्याच उतरवलेल्या गाड्या अशा थरथरतात. कोन बरोबर लावलेल्या गाड्या थरथरत नाहीत. त्याला त्याच्याच गाडीचे तीन आकडे कागदावर दाखवा, आणि मग किंमत ठरवा.